कमर्शियल गॅसभट्टी: या चुका टाळा

लग्नसराईत केटररची तक्रार ठरलेली असते: टाकी नवी आहे, पण जाळ चढत नाही, एजन्सीने गॅस कमी भरला. टाकी उचलून बघावी तर चांगली जड लागते. म्हणजे गॅस आहे, वाफ होत नाही.

19 किलोच्या टाकीत एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण, द्रवरूपात असतो आणि भट्टीला लागते ती वाफ. एक किलो द्रवाची वाफ व्हायला साधारण 90 किलोकॅलरी उष्णता लागते. ती बाहेरच्या हवेतून, टाकीच्या पत्र्यातूनच आत येते. भट्टीने त्याहून जास्त ओढ घेतली की टाकी थंड पडते, आधी घाम सुटतो, मग खालून पांढरं बर्फ धरतं. त्या बर्फाची वरची कड म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. शिवाय वाफेतून प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो. तो शून्य अंशाच्या आसपास उकळतो, म्हणून निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे अर्धी टाकीही मेल्यासारखी वागते.

सलग जाळ असेल तर 19 किलोच्या एका टाकीकडून ताशी अर्धा ते पाऊण किलोच धरावं. ताशी दीड किलो गॅस खाणाऱ्या तीन भट्ट्या म्हणजे ताशी साडेचार किलो. दोन टाक्या जोडून ते भागणार नाही, सात-आठ लागतील. भट्टी किती खाते ते विकणाऱ्याला विचारू नका. टाकी वजनकाट्यावर ठेवा, तासभर भट्टी चालवा आणि वजनातला फरक बघा.

पण टाक्या वाढवतानाही हिशेब हवा. 100 किलोपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नाही. पाच टाक्या म्हणजे 95 किलो. त्यापुढे पेसोचा, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. तिचं मुख्यालय नागपुरात आहे. मोठ्या किचनला 47.5 किलोच्या लिक्विड ऑफटेक टाक्या (ज्यातून द्रवच बाहेर काढतात) आणि त्या द्रवाची वाफ करणारा व्हेपोरायझर हाच सरळ रस्ता.

घाईतले आचारी मात्र टाकी आडवी करतात. जाळ चढतो खरा, कारण आता पाइपात द्रव शिरलेला असतो. एक लिटर द्रवाची सुमारे 250 लिटर वाफ होते. रेग्युलेटर त्यासाठी बनलेला नसतो. भडका थेट तोंडावर येतो. उकळतं पाणी ओतणं किंवा टाकीखाली बर्नर लावणं याच जातीतलं. वाद घालू नये, टाकी उभी करून एक भट्टी बंद करावी.

दुसरं दुखणं कारखान्यातलं. पावडर कोटिंगच्या ओव्हनमध्ये बर्नर वारंवार ट्रिप होतो, म्हणून ज्योत पेटती आहे का ते बघणाऱ्या फ्लेम सेन्सरला तार टाकून बायपास करतात. बहुतेक वेळा सेन्सरच्या काचेवर काजळी किंवा पावडर बसलेली असते, मऊ कापडाने पुसायला दोन मिनिटं पुरतात. बायपास केल्यावर ज्योत विझली तरी व्हॉल्व्ह उघडाच राहतो. हवेत गॅस 1.8 ते 9.5 टक्के झाला की ठिणगी पुरते, आणि बंद ओव्हनमध्ये तेवढा भरायला वेळ लागत नाही. रीसेटचं बटण लागोपाठ दाबणाराही ओव्हनमध्ये असाच गॅस भरत असतो. बर्नर पेटला नाही तर ब्लोअरने ओव्हनच्या आकारमानाच्या किमान चार पट हवा काढा, मगच पुन्हा पेटवा. या हवा काढण्याचा, म्हणजे पर्जचा टायमर कमी करून वेळ वाचवणाऱ्याला पॅनेलची चावी देऊ नये.

गळती काडी पेटवून नव्हे, साबणाच्या पाण्याने तपासा.

गॅसगळती ओळखणारा डिटेक्टर छताला लावू नका. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, आणि टाक्यांजवळ उघडं गटार नको.

जाळ वाढावा म्हणून जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं भोक ड्रिलने मोठं केलं की ज्योत पिवळी पडते आणि पातेली काळी होतात. नवा जेट बसवा.

मॅनिफोल्डवर, म्हणजे अनेक टाक्या जोडलेल्या सामायिक पाइपावर, प्रत्येक टाकीला गॅस उलटा जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर रिकामी टाकी काढताना भरलेल्या टाकीतला गॅस पिगटेलमधून, म्हणजे टाकी जोडणाऱ्या नळीतून बाहेर येतो.