शेपटीवर फोकवुल्फ १९० आलं की या चुका टाळा

स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान वळण्यात सरस, म्हणून कोणी मागे लागलं की स्टिक पोटाशी ओढायची आणि गोल फिरत बसायचं, असा नव्या पोरांचा ठाम समज आहे. आयएल-२ ग्रेट बॅटल्स या विमानयुद्धाच्या कॉम्प्युटर गेममध्ये रोज कोणीतरी असंच मरतं आणि मग विमानाला दोष देतं.

खरी चूक वळण्यात नाही, वेळेत आहे. ब्रेक टर्न, म्हणजे शत्रूला चुकवायला घेतलेलं अचानक जोराचं वळण, फार लवकर घेतला जातो. एकदा एका नवख्याला जोडीदार म्हणून घेऊन ऑनलाइन उडत होतो. त्याच्याकडे स्पिटफायर मार्क नऊ, वरून उतरलं जर्मन फोकवुल्फ १९०. ते दीड किलोमीटर लांब होतं तेव्हाच पठ्ठ्याने सगळी ताकद लावून वळण घेतलं. १९० त्याच्यामागे वळलंच नाही. नाक वर करून गेलं तसं वर जाऊन बसलं आणि पुन्हा उतरलं. रेडिओवर मी "थांब, अजून थांब" म्हणतोय, पण त्याला धीर कुठला! दर फेरीला तेच. शेवटी तो झाडांच्या उंचीवर आला, वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या खाली. पुढच्या फेरीत वळायला काही शिल्लकच नव्हतं.

मी काय करतो सांगतो. शत्रू लांब असेपर्यंत थ्रॉटल पूर्ण, नाक जरासं खाली, हलकं वळण, आणि तो सतत खांद्यावरून दिसला पाहिजे. साधारण सहा-सातशे मीटरवर आला की तो ज्या बाजूने येतोय त्याच बाजूला जोरात वळायचं. त्या वेगात त्याला तेवढं आत वळता येत नाही, तो पुढे निघून जातो. आणि गेला रे गेला की स्टिक लगेच सैल सोडायची. इथेच बहुतेक जण चुकतात, ओढतच राहतात. गेलेला वेग परत मिळवायला तेवढेच क्षण असतात.

१९० शी सिझर्स, म्हणजे आलटून-पालटून एकमेकांच्या दिशेने वळत राहणं, तर नकोच. रोलमध्ये, म्हणजे एका पंखावर कलंडण्यात, ते तुमच्या कितीतरी पुढे आहे. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर हा जर्मन पायलट वाट चुकून वेल्समधल्या पेम्ब्री तळावर १९० घेऊन उतरला. ब्रिटिशांनी त्या विमानाची स्पिटफायर मार्क पाचशी गाठ घालून पाहिली, तर लहान वर्तुळात वळणं सोडल्यास जवळजवळ सगळ्यात १९० वरचढ निघालं. तुमच्या हातात वळण आहे, तेच वापरा.

बाकीच्या चुका थोडक्यात. जमिनीलगत स्प्लिट-एस, म्हणजे विमान उलटं करून खालच्या बाजूने अर्धं वर्तुळ, मारू नका. सरळ डाइव्ह मारून पळू नका, सुरुवातीला जर्मन विमानं लवकर वेग पकडतात. क्लिफ्स ऑफ डोव्हर या दुसऱ्या गेममधल्या सुरुवातीच्या स्पिटफायरचं नाक झटक्यात खाली ढकललं तर इंजिन गुदमरतं, जर्मन मेसरश्मिट १०९ चं गुदमरत नाही. अमेरिकन मस्टँग विमानाचे व्हिडिओ पाहून लढाईत फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, स्पिटफायरचे फ्लॅप एकतर वर असतात नाहीतर पूर्ण खाली. अधलंमधलं काही नाही.

महागडी जॉयस्टिक नंतर घ्या. आधी मागे बघायची बटणं अंगठ्याखाली बसवा. मग क्विक मिशनमध्ये (गेममधल्या झटपट लढतीत) एक १९० तुमच्यापेक्षा हजार मीटर वर ठेवा आणि दहा मिनिटं फक्त चुकवत राहा, ट्रिगरला हात न लावता.