वीजतंत्री, परिचारिका की तलाठी : पगारांची तुलना करायची कशी

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेड शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, पगार कशात जास्त?" याचं एका आकड्यात उत्तर देणाऱ्याचं ऐकू नका. वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक व्यवसायासाठी एक ओळ आखा. मनात येईल तो आकडा तिथे टाकायचा नाही. आधी आकडे एका मापात आणायचे.

सगळ्यात जास्त घोळ हातात येणाऱ्या रकमेचा होतो. समजा, मूळ वेतन १२,००० आणि घरभाडे भत्ता ६,००० आहे. कंपनी यात स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,४४०, ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) ५८५ आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) ५७७ धरते आणि सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, २०,६०२ सांगते. मुलाच्या १८,००० मधून त्याचा पीएफ १,४४०, ईएसआय १३५ आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. खात्यात जमा होतात १६,२२५. त्याच जागी मुलगी असेल तर २०० वाचतात, कारण महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. (कापलेला पीएफ आपलाच असतो, हे खरं. पण खोलीचं भाडं त्यातून देता येत नाही.)

सरकारी नोकरीत उलटं होतं. लिपिकाची वेतनश्रेणी १९,९००-६३,२०० आणि तलाठ्याची २५,५००-८१,१००, हे आकडे मूळ वेतनाचे आहेत. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वर मिळतो. म्हणजे खासगी आकडा वहीत उतरताना खाली येतो आणि सरकारी वर जातो. जाहिरातीतले दोन आकडे शेजारी मांडून केलेली तुलना इथेच फसते.

दुसरं, नोकरीचं वर्ष एकच धरा. मी पाचवं धरतो. शिक्षण सेवकाला प्राथमिक शाळेत पहिली तीन वर्षं १६,००० मानधन असतं आणि त्यानंतर नियमित श्रेणी. पहिल्या वर्षी पाहिलं तर कारखान्यातला वीजतंत्री त्याच्या पुढे दिसू शकतो. पाचव्या वर्षी चित्र पालटतं. अप्रेंटिसशिपचं विद्यावेतन तर पगारात धरूच नका.

तासांचा हिशेब कोणीच करत नाही, आणि तो तर सगळ्यात सोपा. महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास. वरचे १६,२२५ तासाला ७८ रुपये पडले. तेवढेच दिवस १२ तासांची ड्यूटी करून हातात २०,००० येत असतील तर तासाला ६४. सुरक्षारक्षकांची आणि काही खासगी रुग्णालयांतली कामं याच गणिताने तपासा. जीएनएम आणि एएनएम या नर्सिंगच्या दोन वेगळ्या अभ्यासक्रमांच्या मात्र दोन वेगळ्या ओळी करा; "नर्सचा पगार" अशी एक ओळ नको.

गावागावांतल्या राहण्याच्या खर्चाचा फरक धरायला मी केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्याचा आधार घेतो : मुंबई-पुण्याला मूळ वेतनाच्या ३० टक्के, नागपूर-नाशिकला २०, लहान गावांना १०. घरी राहून करता येणारी नोकरी आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहून करायची नोकरी यांत किती फरक धरावा, याचा अंदाज त्यावरून येतो.

आता आकडे आणायचे कुठून? केंद्राची पीएलएफएस ही रोजगाराची नियमित पाहणी राज्यवार सरासरी कमाई देते. वाचताना सावध राहा. नियमित पगारदारांच्या सरासरीत बँकेतला अधिकारी आणि वॉचमन एकत्र असतात. रोजंदारीचा आकडा दिवसाचा असतो, त्याला ३० ने गुणू नका. रोज काम मिळत नाही. स्वयंरोजगाराच्या कमाईत घरच्या माणसांचे कष्टही मिसळलेले असतात. संगणक येणाऱ्याला पाहणीची मूळ माहिती मोफत उतरवून व्यवसायाच्या सांकेतिक क्रमांकानुसार गाळता येते. पण एका राज्यातला एकच व्यवसाय काढला की नमुन्यात माणसं थोडी उरतात. अशा वेळी सरासरी सोडा आणि पगार क्रमाने लावून मधोमध येणाऱ्या माणसाचा पगार पाहा.

माझा स्वतःचा भरवसा किमान वेतनावर आहे. राज्य सरकार ते उद्योगानुसार, परिमंडळानुसार (म्हणजे भागानुसार) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांनुसार ठरवतं. त्यातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. ज्या कामाची जाहिरात आहे त्याचा कुशल कामगाराचा दर काढा आणि देऊ केलेला पगार त्याच्या किती वर आहे ते पाहा. पाच वर्षांच्या अनुभवालाही दराला चिकटून पगार मिळत असेल, तर त्या भागात त्या कामाला माणसं मुबलक आहेत. वाटाघाटीला जागा नाही, हे लिहून ठेवा.

जागा मोजताना राज्याच्या महास्वयम् आणि केंद्राच्या एनसीएस या नोकरीच्या दोन्ही सरकारी पोर्टलवर जिल्हा निवडून शोधा. एकच जागा तीन ठेकेदारांच्या नावांनी दिसते. ती एकच धरा. एकाच कारखान्याची तीच जाहिरात दर महिन्याला येत असेल तर ती मागणी नव्हे, तिथे माणूस टिकत नाही. सरकारी जागांपुढे अर्जांची संख्या लिहा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक. त्या तयारीत जाणारी वर्षं, क्लासची फी आणि तेवढ्या काळात न मिळालेला पगार त्याच ओळीत मांडा. तलाठी होऊच नये असं मी म्हणत नाही, पण ती ओळ रिकामी ठेवून तुलना होत नाही.

शेवटी फोन. त्या कामात पाच वर्षं काढलेली दोन-तीन माणसं गाठा; माजी विद्यार्थ्यांची नावं संस्थेत मिळतात. पगार थेट विचारला तर लोक फुगवून सांगतात किंवा टाळतात. त्याऐवजी विचारा : तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी अजून तिथे किती जण आहेत, कायम किती झाले, आणि सोडून गेले ते कुठे गेले?