नवा आदेश आला की पहिल्या आठ दिवसांची तयारी

बंगळूरहून निघालेला आदेश आधी बेळगावच्या डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कचेरीत येतो, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि तिथून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे उमटले की आदेश पोचला असं आपण धरून चालतो. माझ्या हिशेबी तो तेव्हा नुसता निघालेला असतो. जांबोटीच्या पुढच्या वाडीतल्या बाईला, तिच्या आशाताईला आणि रात्रपाळीच्या सिस्टरला आता नेमकं काय करायचं ते कळलं, की तो पोचला. खानापूर, बेळगाव, निपाणी भागात नव्यानं चार्ज घेतलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि त्यांची कचेरी सांभाळणाऱ्यांसाठी ही तयारी लिहितो आहे. उदाहरणाला सर्पदंशाचा आदेश घेतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकानं सर्पदंशाची प्रत्येक घटना सरकारला कळवणं बंधनकारक केलं, आणि आपल्या भागात त्याची गरज दर पावसाळ्यात पडते.

पहिला दिवस वाचायला ठेवा. कागद सुत्तोले आहे, ज्ञापन आहे, सरकारी आदेश आहे की अधिसूचना, हे आधी बघा. सुत्तोले म्हणजे आपलं परिपत्रक. त्यात बहुतेक वेळा असलेल्याच नियमाची आठवण किंवा खुलासा असतो. अधिसूचनेमागं कायदा उभा असतो. सर्पदंशाच्या बाबतीत तो २०२० चा कर्नाटकाचा साथरोग कायदा आहे, म्हणून गावातल्या खासगी डॉक्टरांनाही ती नोंद चुकत नाही. मग वरचा ‘उल्लेख’ वाचा. तिथं जुन्या आदेशांचे नंबर आणि तारखा असतात. ते जुने कागद फाईलमधून काढून शेजारी ठेवा. नव्यानं जुना रद्द झाला की त्यात भर पडली, हे न बघता काम सुरू केलं तर ऑडिटच्या वेळी तोंडाला फेस येतो. तारखा कन्नड अंकांत असतील तर सहा आणि नऊ दोनदा तपासा, घाईत ते सारखेच दिसतात. ‘कड्डायवागी’ जिथं जिथं आलं असेल तिथं खाली रेघ मारा, तेवढा भाग सक्तीचा. आणि मराठी शाळेतून आलेल्यांनी ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर विसंबू नये. कन्नडात ‘अनुमान’ म्हणजे संशय, ‘अवसर’ म्हणजे घाई. अडलं तर कन्नड शिकलेल्या सहकाऱ्याला विचारा. इतक्या वर्षांत असं विचारल्यावर कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच आदेशाचं एक पान मराठीत तयार करा. शब्दाला शब्द लावून भाषांतर करू नका. कोणी, काय, कधीपासून करायचं आणि कुणाला कळवायचं, एवढं मोठ्या अक्षरात पुरे. वर जाणारा अहवाल कन्नडातच जाईल, ते कचेरीचं काम आहे आणि ते नीटच झालं पाहिजे. भिंतीवर लागणारी सूचना मात्र कन्नड वर आणि मराठी खाली, अशी एकाच कागदावर काढा. हे कुणावर उपकार करणं नव्हे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे देशानं राज्य पुनर्रचनेच्या वेळेपासून मान्य केलेलं आहे. तक्रारअर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, हे घटनेच्या ३५० व्या कलमात आहे.

हे मी का लावून धरतो ते सांगतो. एका पावसाळ्यात गुरुवारी सुट्टी आली म्हणून एका उपकेंद्रावरचं लसीकरण शनिवारवर गेलं. सूचना मीच टाईप करून घेतली होती, फक्त कन्नडात, आणि दारावर चिकटवून घेतली होती. त्या गुरुवारी एक बाळंतीण दीड महिन्याच्या पोराला घेऊन धो धो पावसात चालत आली. पोराच्या अंगावर घोंगडं, त्यावर खताच्या पिशवीचं प्लास्टिक. दाराला कुलूप. कागद तिच्या समोर होता, तिला तो वाचता येत नव्हता. परत गेली ती पुढचे दोन महिने आलीच नाही. शेवटी आशाताईंनी घरी जाऊन तिच्या सासूची समजूत काढली, तेव्हा पोराला पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा, पहिला डोस मिळाला. ती चूक माझी होती आणि चार ओळी मराठीत लिहिल्या असत्या तर ती टळली असती.

आता सर्पदंश. आदेशात ‘नोंद करावी’ एवढंच दिसतं, पण नोंद व्हायला आधी माणूस जिवंत आणि वेळेवर दवाखान्यात यायला लागतो. म्हणून तयारी औषधाच्या कपाटापासून सुरू करा. प्रतिसर्पविषाच्या कुप्या मोजा, मुदत संपण्याची तारीख बघा आणि जी आधी संपते ती पुढच्या रांगेत लावा. विषबाधेची लक्षणं दिसली तर सुरुवातीचाच डोस साधारण १० कुप्यांचा असतो, तेव्हा चार कुप्या असल्या म्हणजे साठा आहे असं लिहू नका. डिस्टिल्ड वॉटर, सलाईन, अॅड्रेनलिन, अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन त्याच कप्प्यात एकत्र हवं, रिअॅक्शन आली की शोधाशोध करायला वेळ नसतो. आणि एक साधी वस्तू हमखास राहून जाते: काचेची स्वच्छ, कोरडी टेस्ट ट्यूब. शिरेतलं दोन मिली ताजं रक्त त्यात घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग ट्यूब हळूच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलेलं असू शकतं. ट्यूब प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्यानं धुतलेली असेल तर रक्त गोठायचं ते गोठत नाही आणि निदान फसतं. चार काचेच्या ट्यूब, एक घड्याळ आणि मराठी-कन्नड दोन्हीत लिहिलेली ही चाचणी, असं रात्रपाळीच्या टेबलावर कायम ठेवा.

आपल्याकडची कुपी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांसाठी असते. खानापूरच्या जंगलपट्टीत चापडाही चावतो, त्याच्यावर ती लागू पडत नाही. तरी साप ओळखायला तो मारून आणा असं कुणालाही सांगू नका. त्यात दुसरा माणूस चावून घेतो. डॉक्टर लक्षणांवरूनच ठरवतात. आशाताईंच्या बैठकीत तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा बोला: घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, भगताकडं थांबू नका. भगतालाही बैठकीला बोलवा. मी बोलवला आहे, आणि पुढं त्यानंच दोन माणसं आमच्याकडं धाडली.

नोंदीचं काम त्यानंतर. रोगसर्वेक्षणाचं आयएचआयपी पोर्टल २०२१ पासून चालू आहे. उपकेंद्राचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी आणि लॅबचा एल. लॉगिन कुणाच्या मोबाईलवर आहे आणि तो माणूस रजेवर गेला तर कोण भरणार, हे लिहून ठेवा. पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असणं ही तयारी नव्हे. कणकुंबीकडं नेटवर्क जातं, म्हणून कागदी वही चालू ठेवा आणि रेंज आली की त्याच दिवशी भरा. गावातल्या खासगी दवाखान्यांना पत्र स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, चहा घ्या आणि नोंद करायची कशी ते समोर बसून दाखवा.

सीमेवरचं वेगळेपण या टप्प्यावर आडवं येतं. चंदगडचा माणूस बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूरला जातो, खानापूरची माणसं काजूच्या हंगामात गोव्यात सत्तरीला आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला कामाला असतात. पत्त्याच्या रकान्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य चारही भरा. ताप घेऊन आलेल्या मजुराला गेल्या पंधरवड्यात कुठं काम केलं, हे विचारायचं नोंदवहीतच छापून घ्या. माकडताप शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडला, पण गेल्या दशकात तो सत्तरीत आणि दोडामार्गातही दिसला. पलीकडच्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये हवा, आणि काही घडायच्या आधी एकदा बोलणं झालेलं असावं. १०८ ला फोन करताना पहिल्याच वाक्यात गाव, तालुका आणि राज्य सांगायची सवय लोकांना लावा, कारण सीमेवरच्या गावात मोबाईल कुठल्या बाजूचा टॉवर पकडेल याचा नेम नाही.

कार्डांचा गोंधळ तर रोजचा. कर्नाटकाच्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. ठरवून करायच्या उपचाराला खासगी दवाखान्यात जायचं तर सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, तातडीच्या वेळी लागत नाही. दुसरीकडं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला. लोकांच्या तोंडी दोन्ही योजना एक होतात आणि माणूस चुकीच्या काउंटरवर दिवस घालवतो. दोन वेगळ्या रंगांचे कागद काढा, कुठल्या योजनेला कुठला कागद लागतो ते लिहा, आणि योजनेच्या राजकारणात आपल्या आरोग्य केंद्रानं पडू नये. समोर पोट धरून बसलेल्या म्हाताऱ्या मामांना फक्त आज कुठं जायचं ते हवं असतं.

बाकीचं थोडक्यात. औषधांचा बॅच नंबर वॉर्डातल्या वहीतही लिहा. बळ्ळारीत नोव्हेंबर २०२४ मध्ये बाळंतिणी दगावल्यावर सलाईनचा वापर थांबवायचा आदेश आला, तेव्हा ज्यांच्याकडं बॅचची नोंद होती त्यांचं काम तासाभरात झालं. जैववैद्यकीय कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, त्याचा वार्षिक अहवाल ३० जूनच्या आत. या दोन्ही मुदती कॅलेंडरवर लाल शाईनं.

सातव्या दिवशी स्वतः एका उपकेंद्रावर जा, न सांगता. सिस्टरला विचारू नका, तिथं आलेल्या एखाद्या अक्काला विचारा: साप चावला तर काय कराल? उत्तर आलं नाही तर पान पुन्हा लिहा, आणखी सोपं. आठव्या दिवशी आरोग्य रक्षा समितीत विषय घ्या, इतिवृत्तात कुप्यांची संख्या आकड्यात लिहून घ्या. आणि हे सगळं मे महिन्यात उरका. जूनमध्ये नाल्यांना पाणी चढलं की भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीकडच्या माणसाला खांद्यावरून उचलून आणावं लागतं. तिथल्या आशाताईंकडं मराठी पान, टॉर्च आणि वाहनवाल्याचा नंबर मृगाच्या पहिल्या पावसाआधी पोचलेला पाहिजे.