फिट येणाऱ्या माणसाचं घर कसं लावावं

मला फिट येते. गोळ्या चालू आहेत, तरी अधूनमधून येतेच. फिट दोन-तीन मिनिटांत उरकते. लागतं किती, ते आपण पडलो कुठे त्यावर. म्हणून आधी घर हातात घ्या.

सुरुवात न्हाणीघरापासून. आतली कडी काढून टाका. आमच्याकडे दारावर पंचा टांगलेला दिसला की आत कोणीतरी आहे, हे आता पाहुण्यांनाही कळतं. दार आत उघडत असेल तर सुताराकडून बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस दाराशीच पडला तर आत ढकलता येत नाही. अंघोळ बसून करा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि बादली अर्धीच भरा. पाणी साठवायच्या पिंपाला घट्ट झाकण हवं. तोंड पाण्यात गेलं तर वीतभर पाणीही जीव घेतं. घरात कोणी नसेल तर अंघोळ थोडी थांबू दे.

स्वयंपाकात पोळ्या मी लाटते, भाजतो नवरा. एकटी असले की इंडक्शन. शेगडी भिंतीकडे सरकवा, पातेल्याचा दांडाही तिकडेच. उकळती आमटी टेबलापर्यंत नेऊ नका, ताटंच ओट्यापाशी आणा. विळी सरळ माळ्यावर टाका. वर पातं आणि त्यावर वाकलेले आपण, याहून वाईट बैठक नाही. सासूबाई म्हणाल्या, सुरीने चिरलेल्या कोबीला चव नसते. नसू दे.

दुचाकी नको. पुण्यात राहून हे सांगणं जिवावर येतं, पण लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिटबद्दल थेट विचारलेलं असतं. पीएमपीच्या दारात लटकू नका, मेट्रोच्या फलाटावर भिंतीकडेच थांबा. खडकवासल्याच्या पाण्यात उतरायचं नाही. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर रात्र काढायची हौस मलाही आहे, पण जागरण आणि चुकलेली गोळी दोन्ही फिटला आमंत्रण देतात. संध्याकाळची मिरवणूक बघून घरी येते.

घरच्यांना हे पढवून ठेवा: घड्याळ बघा, चष्मा काढा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा नको. चप्पल, कांदा, पाणी काहीही नको. ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ लावा.

नंतर खांदा दुखत राहिला, हात नीट बाहेर वळेना, तर अंग आंबलंय म्हणून बाम चोळत बसू नका. फिटमध्ये खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसत नाही. डॉक्टरांना फिट आली होती हे आधीच सांगा, आणि बाजूनेही एक्स-रे काढायचा का ते विचारा.