अंड्यातला पारा मोजायचाय? सुरुवात घरट्यापासून करा

पाणपक्ष्यांच्या अंड्यांतल्या जड धातूंवर काम करू पाहणारी मुलं पहिलं विचारतात ते मशीनचं. आयसीपी-एमएस, म्हणजे धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र, कुठे मिळेल? मशीन मिळतं, पैसे भरून नमुने तपासूनही मिळतात. काम अडतं ते त्याआधी.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणंही शिकारीच्या व्याख्येत येतं. त्यामुळे नासलेलं अंडंसुद्धा परवानगीशिवाय उचलू नका. वनविभागाकडे अर्ज विणीच्या हंगामाच्या बराच आधी करा.

मग धातू निवडा. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनी धरणात येतं आणि जवळच भादलवाडीच्या तलावात बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात. इथे कॅडमियम मोजायचा मोह होतो. पण ते मादीच्या मूत्रपिंडात आणि यकृतात साठतं, अंड्यात जवळजवळ उतरतच नाही. अंड्यात नाही म्हणजे पाण्यात नाही, असं लिहिलंत तर ते साफ चूक ठरेल. शिशाचा बराच भाग कॅल्शियमच्या वाटेनं कवचात जातो. पारा मात्र मिथाइल (सेंद्रिय) रूपात पांढऱ्या बलकात जातो. बऱ्याच जातींत पहिल्या अंड्यात तो नंतरच्या अंड्यांपेक्षा जास्त असतो. म्हणून अंडं कितवं, हे कळत असेल तर नोंदवाच.

मी न उबलेली, पक्ष्यांनी सोडून दिलेली अंडीच घ्यायला सांगते. जिवंत अंडं फोडायला माझं मन धजत नाही. पण अशी अंडी विषामुळेच वाया गेली असतील, तर त्यांची सरासरी सगळ्या वसाहतीची म्हणून सांगता येत नाही, हे थिसिसमध्ये स्पष्ट लिहा.

शिवाय ती सुकलेली असतात. उबवणीत अंड्याचं वजन पाणी उडून साधारण १५ टक्के घटतं, सोडलेल्या अंड्याचं आणखी. धातू तेवढाच, पाणी कमी. आकडा उगाच फुगतो. म्हणून फोडण्याआधी व्हर्नियरनं लांबी-रुंदी घ्या. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग गुणिले ०.५१, इतकं आकारमान धरून ताज्या वजनाचा हिशेब लावता येतो. कवचावरची विष्ठा आणि चिखल डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. स्टीलच्या सुरीनं क्रोमियम-निकेल नमुन्यात मिसळू शकतं, त्यामुळे प्लास्टिकची हत्यारं वापरा, तीही आम्लानं धुतलेली. प्रत्येक बॅचसोबत कोरा नमुना, म्हणजे अंडं न घालता बाकी सगळी प्रक्रिया तशीच केलेला, चालवाच.

काठावरचे मच्छीमार विचारतील, "मॅडम, मग मासे खायचे का नाही?" अंड्यातल्या आकड्यावरून याचं उत्तर देऊ नका. त्यासाठी त्यांच्याच जाळ्यातले मासे वेगळे तपासावे लागतात. बजेटमध्ये तेवढी सोय पहिल्यापासून ठेवा.