लहान मुलांसोबत 'काहीही होऊ शकतं'चा खेळ कसा खेळावा

तीन-चार वर्षांच्या मुलाला नाणं उडवून 'छाप यायची शक्यता निम्मी' असं समजावत बसू नका. त्या वयात निम्मं आणि टक्के पोचत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. कमी-जास्तीची जाण फार लवकर असते. फेई शू आणि वश्ती गार्सिया या संशोधकांनी 2008 साली दाखवलं, की बहुतेक लाल चेंडू असलेल्या खोक्यातून बहुतेक पांढरेच निघाले, तर आठ महिन्यांची बाळंही जास्त वेळ बघत राहतात, म्हणजे त्यांना ते अनपेक्षित वाटतं. मुलं अडतात ती दुसरीकडे: गोष्ट अजून ठरलेली नाही, म्हणून दोन्ही शक्यतांची तयारी ठेवायची.

वरून गोटी टाकली की खालच्या दोनपैकी कुठल्याही एका तोंडातून पडेल, अशी नळी करायची. नळसामानाच्या दुकानातून इंची पीव्हीसी 'टी' (तीन तोंडांचा जोड), दोन एल्बो (काटकोनात वळणारे जोड) आणि पाइपचे तुकडे आणा. 'वाय' (तिरक्या फाट्याचा जोड) नको. त्याची एक वाट सरळ असते, गोटी तिकडूनच जाते. टीचं मधलं तोंड वर, दोन्ही टोकांना एल्बो खाली. मूल गोट्या तोंडात घालत असेल, तर हा खेळ आत्ता नको.

दोन्हीकडून गोटी पडताना दाखवा. मग फक्त म्हणा, "झेल." मीही सगळ्यात जास्त इथेच अडले.

"कुठून पडेल?" असं विचारूच नका. त्या प्रश्नाला एकच उत्तर लागतं, मग मूल एक तोंड ठरवून मोकळं होतं. झेलायला सांगितलं की हातच बोलतात. रेडशॉ आणि सडेनडॉर्फ यांच्या 2016 च्या प्रयोगात दोन वर्षांची मुलं सहसा एकाच तोंडाखाली हात धरत, चार वर्षांची बहुतेक पहिल्याच वेळी दोन्हींखाली. आधी दुसऱ्या हातात बिस्किट नाही ना, ते बघा.

एका हाताने झेललं, तर "बरोब्बर ओळखलंस!" म्हणू नका. आई-बाबा हे हमखास करतात आणि नशिबाला हुशारी ठरवतात. गोटी हुकली, तरी "अगं, दोन्ही हात लाव ना" हे आजीलाही म्हणू देऊ नका. सांगितल्यावर हात लागतात, विचार होत नाही. गप्प राहा, गोटी पुन्हा सोडा. कंटाळा दिसला की पाइप उचलून ठेवा, महिन्याभराने काढा.

दोन हात आले, की मध्येच साधा सरळ पाइप धरा. तिथे एकच हात आला, तर समजून केलंय. तिथेही दोन आले, तर ती नुसती सवय.

पुढे फोडलेले चिंचोके टाकून पांढरे किती, काळे किती ते मोजू द्या.

मग गोष्टी. पलंगाखाली मगर सापडेल का? श्टुलमन आणि केरी यांच्या 2007 च्या अभ्यासात चार वर्षांची मुलं असल्या विचित्र पण घडू शकणाऱ्या गोष्टींना सरळ 'होऊच शकत नाही' म्हणत. वाद घालू नका. "समजा आलीच, तर कुठून येईल?" एवढंच विचारा आणि नदीपासून पलंगापर्यंतची वाट त्याला रचू द्या.