ब्रिटनमध्ये वॉर्ड मॅनेजर व्हायचं आहे? आधी बँड समजून घ्या

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, पगाराच्या श्रेणीला बँड म्हणतात: स्टाफ नर्स बँड 5, सिस्टर किंवा चार्ज नर्स बँड 6 आणि वॉर्ड मॅनेजर साधारण बँड 7. भारतात दहा वर्षं इन्चार्ज सिस्टर असलात तरी परदेशी भरती बहुतेक बँड 5 वरच होते. थेट 7 साठी अर्ज करत बसण्यापेक्षा एनएमसीची, म्हणजे ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेची, नोंदणी आधी मार्गी लावा. त्यासाठी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 हवेत. मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, आणि ब्रिटनमध्ये ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा.

घोटाळा होतो तो नावात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मग पडताळणी अडकते. ते आधीच सरळ करून घ्या.

अर्जात ‘नेतृत्वगुण आहेत’ असं लिहून काही मिळत नाही. जाहिरातीसोबतच्या पर्सन स्पेसिफिकेशनमधला, म्हणजे उमेदवाराकडून काय हवं त्या यादीतला, प्रत्येक मुद्दा घ्या आणि आकड्यांत उत्तर द्या: किती खाटा, किती जणींचा ड्यूटी रोस्टर, कोणतं ऑडिट, त्यानंतर काय बदललं.

रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेचं नाव ब्रिटिश सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरांच्या (परदेशी कर्मचारी घेण्याची परवानगी असलेल्यांच्या) यादीत आहे का, ते स्वतः बघा. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट मिळाल्यावर तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो, त्यामुळे क्षयरोग तपासणी लांबवू नका. या सर्टिफिकेटचे पैसे एजंट मागत असेल तर तिथूनच परत फिरा. आणि हो, पुढे बढतीसाठी दुसऱ्या स्पॉन्सरकडे गेलात, तर व्हिसाचा अर्ज पुन्हा करावा लागतो.